न्यूयॉर्कचे डॉक्टर विल्यम कोली



आपल्या स्मरणिकेत दर वर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र असते. आजवर राण्या झाल्या, संत झाले, समाजसुधारक झाले. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी डॉक्टर कोलींचे नाव घेतले. बैठकीतल्या एकीनेही ते ऐकलेले नव्हते. पण कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या सगळ्या डॉक्टरांना हे नाव ठाऊक आहे, आणि दर वर्षी त्यांच्या नावाने मोठा पुरस्कारही दिला जातो.

माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. इंग्रजी मला येत नाही. माझी भाची पुण्याला प्रयोगशाळेत काम करते. दिवाळीला ती माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा रोज रात्री जेवणे आटोपल्यावर तिने इंग्रजी पुस्तकांतून मला वाचून दाखवले आणि मराठीत समजावून सांगितले. मला जे कळेना ते मी पुन्हा पुन्हा विचारले. तिने कंटाळा केला नाही. त्यातले मला नीट समजले तेवढेच येथे लिहिले आहे.

विल्यम कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट प्रांतात वेस्टपोर्ट गावी झाला. येल येथे १८८४ साली शिक्षण पुरे झाल्यावर ते दूर पश्चिमेकडे पोर्टलंड गावी गेले आणि तेथे दोन वर्षे शाळामास्तर होते. लॅटिन आणि ग्रीक शिकवीत. पुढे मनाने घेतले की डॉक्टर व्हायचे, म्हणून परत आले व हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेतून १८८८ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. न्यूयॉर्क हॉस्पिटलात उमेदवारी केली आणि १८९० साली त्याच शहरात शल्यवैद्य म्हणून बसले. वय अठ्ठावीस. हुशार, हात चांगला, मोठ्या डॉक्टरांचा आशीर्वाद. असे सगळे चांगले जुळून आलेले होते.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात एक मुलगी त्यांच्याकडे आली. तिचे नाव एलिझाबेथ डॅशील, घरचे तिला बेसी म्हणत. वय सतरा. उन्हाळ्यात ती आगगाडीने लांबच्या प्रवासाला गेली होती. गाडीतल्या बाकाच्या सांध्यात तिचा उजवा हात चिमटला. थोडे सुजले, थोडे दुखले. असे कोणाला होत नाही? परंतु सूज उतरेना आणि दुखणे वाढू लागले. कोलींना प्रथम वाटले की आत कोठे पू धरला असेल. त्यांनी लहानसा छेद घेऊन पाहिले तर पू नाही. काही दिवसांनी बोटांची जाणीव जाऊ लागली. शेवटी गाठीचा तुकडा तपासला तेव्हा कळले की हा सार्कोमा आहे. हाडे, स्नायू, शिरा यांना जो कर्करोग होतो त्याला सार्कोमा म्हणतात. (मार लागल्यामुळे कर्करोग होतो असे मात्र कोणी समजू नये. भाचीने मला हे बजावून सांगितले. मार लागतो तेव्हा आपण तो भाग निरखून पाहतो आणि आधीची गाठ तेव्हा नजरेस येते, असे पुष्कळदा घडते.)

त्या काळी कर्करोगावर एकच उपाय होता, तो म्हणजे सुरी. क्ष-किरणांचा शोधच १८९५ साली लागला. कोलींनी ८ नोव्हेंबरला त्या मुलीचा हात कोपराच्या खाली कापला. एवढे करूनही उपयोग झाला नाही. रोग आधीच अंगात पसरला होता. छातीवर गाठी, पोटात गाठी. २३ जानेवारी १८९१ रोजी ती गेली. पहिल्यांदा दाखवायला आली त्याला चार महिनेही झाले नव्हते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे मला येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्यांच्या स्तनात गाठ आली होती. ती दुखत नव्हती म्हणून त्यांनी सात-आठ महिने कोणाला सांगितले नाही. सांगायची लाज, आणि घरात मुलीचे लग्न ठरलेले. पुढे शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, पण वेळ गेलेली होती. त्यांच्या आजारपणात कोणते औषध किती वाजता दिले, ताप किती, पोटात काय गेले, हे मी एका शंभर पानी वहीत लिहून ठेवीत असे. डॉक्टर आले की आधी ती वही मागत. पुढच्या मजकुरात वह्यांचा आणि कागदांचा विषय पुष्कळ येणार आहे, म्हणून हे आताच सांगून ठेवले.

डॉक्टरांच्या हातून रोगी जातात. ते रोजचे आहे. परंतु बेसीचा मृत्यू कोलींच्या मनातून जाईना. आपण जे शिकलो ते सगळे केले आणि त्याने तिला केवळ जास्त यातना झाल्या, ही बोच त्यांना लागून राहिली. ते न्यूयॉर्क हॉस्पिटलाच्या जुन्या दप्तरांत जाऊन बसले. पूर्वी येथे सार्कोमाचे जे रोगी येऊन गेले त्यांच्या नोंदी एक एक काढून वाचू लागले. एखादा तरी वाचला आहे का, आणि वाचला तर कशाने, एवढेच त्यांना पाहायचे होते.

त्यात त्यांना एका रोग्याची नोंद सापडली. फ्रेड स्टाइन नावाचा जर्मनीहून आलेला गरीब माणूस. मानेवर सार्कोमाची मोठी गाठ. शल्यवैद्यांनी ती पुन्हा पुन्हा कापली, ती पुन्हा पुन्हा वाढली. अखेरीस त्यांनी आशा सोडली. जखम उघडीच राहिली आणि त्या जखमेत त्याला विसर्प झाला. आपल्याकडे जुन्या बायका त्याला धावरे म्हणत. कातडी लालभडक होऊन ती लाली पसरत जाते आणि सडकून ताप भरतो. जंतुनाशक औषधे नव्हती त्या काळी यात माणसे मरत. स्टाइन मेला नाही. उलट तापाच्या प्रत्येक झटक्यासरशी त्याची गाठ लहान होत गेली आणि शेवटी दिसेनाशी झाली. बरा होऊन तो इस्पितळातून घरी गेला. नोंद तेथेच संपली होती.

आता हा माणूस घरी गेल्यावर जगला की मेला? कागदावर ते नव्हते. कोलींनी पायपीट सुरू केली. न्यूयॉर्कच्या पूर्वेकडील खालच्या भागात तेव्हा परदेशाहून आलेल्या गरिबांच्या चाळी होत्या. एकेका खोलीत सात-आठ माणसे, अंधारे जिने. हे एवढे शिकलेले डॉक्टर त्या चाळींतून जिने चढत-उतरत, दारे ठोठावीत फिरले, आणि १८९१ साली त्यांना फ्रेड स्टाइन सापडला. सात वर्षे उलटली होती. मानेवर मोठा व्रण, बाकी माणूस खणखणीत. गाठीचा मागमूस नाही.

मला कोलींच्या सगळ्या चरित्रात हा भाग फार आवडला. हुशारीचे शोध पुष्कळ लावतात, पण जिने चढून खात्री करून घ्यायला वेगळा स्वभाव लागतो.

धावऱ्यानंतर गाठ जिरते हे पहिल्यांदा कोलींनीच पाहिले असे मात्र नाही. जर्मनीत बुश नावाच्या डॉक्टरांनी १८६८ साली तसे पाहिले होते, आणि धावरे ज्या जंतूमुळे होते तो जंतू फेलाइझेन या दुसऱ्या जर्मन डॉक्टरांनी १८८३ च्या सुमारास शोधला होता. हे जंतू साखळीसारखे एकापुढे एक असतात, त्यांना स्ट्रेप्टोकॉकस म्हणतात. परंतु आयुष्यभर या एका गोष्टीचा पाठपुरावा केला तो कोलींनीच.

पहिला रोगी झोला नावाचा इटालियन माणूस. त्याच्या मानेत गाठ, घशात टॉन्सिलवर दुसरी गाठ, अन्न गिळता येईना. तो काही आठवड्यांचाच सोबती होता. मे १८९१ मध्ये कोलींनी त्याच्या अंगात धावऱ्याचे जिवंत जंतू टोचले. होय, जिवंत! वाचताना माझ्या अंगावर काटा आला. मरणाऱ्या माणसाला मुद्दाम दुसरा जीवघेणा रोग द्यायचा, हे धाडस म्हणायचे की अघोरीपणा? भाची म्हणाली, मावशी, आज असे करायला कोणी परवानगी देणार नाही. पण त्या माणसापुढे दुसरा मार्ग काय होता, हेही तिनेच विचारले.

सुरुवातीला टोचूनही धावरे लागेना. थोडा ताप येई, गाठ थोडी कमी होई, पुन्हा वाढे. मग जर्मनीहून अधिक कडक जंतू मागवले. ते ऑक्टोबरात टोचले तेव्हा तासाभरात हुडहुडी भरली, ताप १०५ अंशांपर्यंत चढला. माणूस जातो की काय अशी अवस्था झाली. परंतु दुसऱ्या दिवशीपासून मानेतली गाठ फुटून वाहू लागली आणि दोन आठवड्यांत ती नाहीशी झाली. झोला त्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळ जगला.

हे सगळ्यांच्या बाबतीत झाले असते तर गोष्ट येथेच संपली असती. तसे झाले नाही. कोणाला जंतू टोचूनही धावरे होईना, कोणाला झाले पण गाठ तशीच राहिली, आणि दोन रोगी तर धावऱ्यानेच दगावले. तेव्हा कोलींनी जिवंत जंतूंचा नाद सोडला. जंतू उष्णतेने मारून त्यांचे केवळ विष वापरायचे ठरवले. त्या विषाचा जोर वाढावा म्हणून त्यांनी आणखी एका जातीचे जंतू त्यात मिसळले. त्या काळी त्याला बॅसिलस प्रोडिजिओसस म्हणत, आता सेराशिया म्हणतात. या मिश्रणालाच पुढे कोलीचे विष हे नाव पडले. नाव विष, पण ते औषध म्हणून दिलेले.

ते ज्याला प्रथम दिले तो सोळा वर्षांचा मुलगा होता. जॉन फिकन त्याचे नाव. पोटात एवढी मोठी गाठ की शस्त्रक्रिया शक्यच नव्हती. २४ जानेवारी १८९३ रोजी पहिली सुई टोचली. मात्रा थोडी थोडी वाढवायची, ताप आलाच पाहिजे. ताप आला नाही तर मात्रा कमी पडली असे समजायचे. असे महिनोन्‌महिने चालले. मे महिन्यात तो घरी गेला तेव्हा गाठ पुष्कळच उतरली होती, आणि ऑगस्टात ती जेमतेमच जाणवत होती. हा मुलगा पुढे सव्वीस वर्षे जगला आणि हृदयविकाराने वारला. बेसीला जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

आता असे का होत असावे? कोलींना ते नक्की सांगता आले नाही, कारण त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. आज जे सांगतात ते माझ्या भाषेत असे. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या घराच्या पहारेकऱ्यासारख्या. बाहेरचा जंतू आला की त्या त्याला ओळखतात आणि धरतात. परंतु कर्करोगाची पेशी बाहेरून येत नाही. ती आपल्याच अंगातली, बिघडलेली. ती घरभेदी असते. पहारेकऱ्याला वाटते घरचेच माणूस आहे, जाऊ दे. जंतूंचे विष अंगात शिरले की आतमध्ये दवंडी पिटल्यासारखे होते, ताप भरतो, पहारेकरी खडबडून जागे होतात, आणि त्या धुमश्चक्रीत कधी कधी घरभेदीही पकडला जातो. कधी कधीच, दर वेळी नव्हे. या शास्त्राला इम्युनॉलॉजी म्हणतात. मराठीत प्रतिकारशक्तीचे शास्त्र म्हणता येईल.

कोली लवकरच न्यूयॉर्कच्या कर्करोग इस्पितळात काम करू लागले. त्या इस्पितळाचे नाव पुढे मेमोरियल हॉस्पिटल झाले. १८९१ साली त्यांचे लग्न झाले होते, पत्नीचे नाव अॅलिस. संसार सुखाचा होता. हर्नियाच्या शस्त्रक्रियेतही त्यांचा लौकिक होता आणि पैसा त्यातून मिळे. विषाच्या औषधातून मिळाला तो मुख्यतः मनस्ताप. १८९४ सालीच अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकाने या उपायात अर्थ नाही असे लिहिले. बरे झालेल्यांना मुळात कर्करोग नव्हताच, निदान चुकले असेल, असेही पुष्कळ जण म्हणत.

त्यांच्याच इस्पितळात जेम्स ईविंग हे मोठे विद्वान होते. हाडांच्या एका कर्करोगाला आजही त्यांचे नाव आहे. त्यांना कोलींचे म्हणणे मान्य नव्हते. त्यांचा भरवसा रेडियम आणि क्ष-किरणांवर. खाणमालक जेम्स डग्लस यांची मुलगी कर्करोगाने वारली होती, त्यांनी इस्पितळाला रेडियम आणि पैसा दिला आणि त्या उपायाला जोर आला. किरणांचा परिणाम डोळ्यांना दिसे, रोग्याला तापाने फणफणावे लागत नसे, आणि कोणत्याही डॉक्टरला ते शिकता येई. मी ईविंग यांना खलनायक ठरवणार नाही. किरणांनी पुढे लाखो माणसांना आयुष्य मिळाले. कोलींनीही आपल्या रोग्यांना किरण दिलेच की.

शिवाय कोलींच्या कामात एक उणीव होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्यांचे औषध दर वेळी सारखे नसे. चाळीस वर्षांत त्या मिश्रणाचे डझनाहून अधिक प्रकार झाले. कधी कडक, कधी अगदी सौम्य. कधी दंडात टोचत, कधी गाठीत. कोणाला महिनाभर, कोणाला सहा महिने. पार्क-डेव्हिस कंपनीने १८९९ पासून ते विकायला काढले, ते इस्पितळात बनणाऱ्या औषधापेक्षा कमजोर होते. दुसऱ्या डॉक्टरांनी ते आणून दिले आणि गुण येत नाही म्हणून सोडून दिले. आपण गोडा मसाला करतो. एका वर्षी धणे जास्त, दुसऱ्या वर्षी दगडफूल कमी, तिसऱ्या वर्षी मापच घेतले नाही. मग आमटी कशाने बिघडली हे कोणी सांगावे? मार्था ट्रेसी या विदुषीने मध्यंतरी कोलींसाठी औषध बनवून दिले, ते चांगले जोरकस उतरले असे म्हणतात. या बाई पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या.

कोलींनी शंभराहून अधिक लेख लिहिले, पण एकेका रोग्याची हकीकत सुटी सुटी. सगळे मिळून किती, त्यातले किती वाचले, किती वर्षे जगले, असा पक्का ताळेबंद त्यांनी मांडला नाही. जो माणूस दुसऱ्यांच्या दप्तरातून फ्रेड स्टाइनला शोधून काढतो, त्याचे स्वतःचे दप्तर विस्कळीत असावे याचे मला नवल वाटते. कामाच्या रगाड्यात राहून गेले असेल. १६ एप्रिल १९३६ रोजी ते वारले. वय चौऱ्याहत्तर. दोनच वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या त्याच नियतकालिकाने या औषधात काही तथ्य असू शकेल असे लिहिले होते, तेवढेच समाधान. त्यांचा मुलगा ब्रॅडली त्याच इस्पितळात हाडांच्या गाठींचा शल्यवैद्य झाला होता. परंतु वडिलांचे औषध हळूहळू मागे पडले आणि पुढे कंपनीनेही ते बनवणे बंद केले.

येथपर्यंत ऐकून मी भाचीला म्हटले की मग त्यांचे नाव राहिले कसे? तेव्हा ती म्हणाली, आता खरी गोष्ट ऐक.

कोलींची मुलगी हेलन. जन्म १९०७. ती डॉक्टर नव्हती, महाविद्यालयात गेलेली नव्हती. लग्न होऊन हेलन नॉट्स झाली होती. वडिलांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, त्यांचे चरित्र लिहावे म्हणून ती त्यांचे कागदपत्र पाहू लागली. पत्रे, टाचणे, रोग्यांच्या हकीकती, असे सुमारे पंधरा हजार कागद निघाले. वाचता वाचता चरित्र बाजूला राहिले. ज्यांना बरे झाले म्हणून लिहिले आहे ती माणसे पुढे खरोखर जगली का, हे पाहायचे तिने ठरवले. म्हणजे वडिलांनी फ्रेड स्टाइनसाठी जे केले तेच तिने सगळ्यांसाठी केले.

वैद्यकाचे शब्द तिला येत नव्हते. ते ती एक एक करून शिकली. इस्पितळांना पत्रे, जुन्या डॉक्टरांना पत्रे, रोग्यांच्या नातेवाइकांना पत्रे. प्रत्येकाचे वेगळे टिपण: गाठ कोठे, तपासणीने खात्री झाली होती का, कोणत्या प्रकारचे औषध, किती दिवस, ताप किती आला, नंतर किती वर्षे जगला. असे सुमारे एक हजार रोगी तिने गोळा केले. त्या ताळेबंदातून तिला दिसले की ज्यांना जोरकस औषध दीर्घकाळ आणि ताप येईल इतके दिले गेले त्यांना गुण अधिक आला आहे. वडिलांना जो धागा हाती धरता आला नव्हता तो तिने धरला. १९४६ साली भाऊ ब्रॅडली व आणखी एक डॉक्टर यांच्यासह तिने याविषयीचा मोठा लेख प्रसिद्ध केला.

मोठ्या इस्पितळाच्या मोठ्या माणसांनी तिची फारशी दाद घेतली नाही. पदवी नसलेली बाई, त्यातून मुलगी, वडिलांचीच बाजू घेणार, असेच पुष्कळांना वाटले असावे. हे आपल्याला नवीन नाही. तिने हट्ट सोडला नाही. १९५३ साली ऑलिव्हर ग्रेस या गृहस्थांना बरोबर घेऊन तिने न्यूयॉर्कला कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. पहिले पैसे नेल्सन रॉकफेलर यांनी दिले, दोन हजार डॉलर. आणि येथे गोष्ट पुन्हा त्या बेसीपाशी येते. नेल्सन यांचे वडील, धाकटे जॉन रॉकफेलर, हे बेसीला बहीण मानीत. तिच्या मृत्यूचा त्यांनाही तेव्हा मोठा धक्का बसला होता, आणि पुढे त्यांनी कर्करोगाच्या संशोधनाला फार मोठ्या देणग्या दिल्या.

वाट पुढेही सोपी नव्हती. औषधांचे कायदे कडक झाल्यावर १९६३ साली अमेरिकी सरकारने कोलीच्या औषधाला जुने, मानलेले औषध म्हणून मान्यता नाकारली. १९६५ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने सिद्ध न झालेल्या उपायांच्या यादीत त्याचे नाव घातले. दहा वर्षांनी, १९७५ साली, ते काढून टाकले.

दरम्यान तरुण शास्त्रज्ञ हेलनच्या कामाकडे वळू लागले होते. त्यांतले लॉइड ओल्ड हे १९७१ पासून तिच्या संस्थेचे शास्त्रीय प्रमुख झाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली उंदरांवर दाखवले होते की बीसीजी टोचले तर कर्करोगाच्या गाठीला अंग अधिक विरोध करते. बीसीजी म्हणजे क्षयाची तीच लस, जी आपण बाळ जन्मल्यावर टोचून घेतो आणि जिचा गोल व्रण दंडावर राहतो. कॅनडातल्या मोरालेस या डॉक्टरांनी १९७६ साली मूत्राशयाच्या कर्करोगात तीच लस मूत्राशयात सोडून गुण आल्याचे प्रसिद्ध केले, आणि आज त्या रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत जगभर हा उपचार होतो. आपल्याकडेही होतो. शरीर जंतूंच्या विषाला उत्तर म्हणून स्वतःच एक द्रव्य तयार करते आणि त्या द्रव्याने गाठी मरतात, हेही ओल्ड यांच्या प्रयोगशाळेत १९७५ साली सापडले. झोलाच्या मानेत चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी काय झाले असेल, त्याचे थोडेसे उत्तर तेव्हा मिळाले.

हेलन नॉट्स २००१ च्या जानेवारीत वारल्या. वय त्र्याण्णव होते. १९७५ पासून त्यांची संस्था दर वर्षी कोलींच्या नावाचा पुरस्कार देते. अमेरिकेचे जेम्स अॅलिसन आणि जपानचे तासुकू होन्जो या दोघांनाही तो मिळाला होता आणि पुढे २०१८ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पांढऱ्या पेशींना अंगातच एक ब्रेक असतो, तो सैल केला की त्या कर्करोगावर तुटून पडतात, हा त्यांचा शोध. मध्यंतरी काही वर्षे अॅलिसन न्यूयॉर्कच्या त्याच मेमोरियल इस्पितळात काम करीत होते, जेथे कोलींचे आयुष्य गेले.

कोलींचे मूळ औषध आजच्या मान्य उपचारांत नाही. तेव्हा गाठ आली म्हणून कोणी ताप अंगावर काढू नये किंवा भलते काही टोचून घेऊ नये. गाठ हाताला लागली की त्याच आठवड्यात दाखवावी. माझ्या जाऊबाईंचे वर लिहिलेच आहे.

आपल्या मुंबईतली हकीकत सांगून पुरे करते. पवईच्या आयआयटीतील शास्त्रज्ञ आणि टाटा इस्पितळाचे डॉक्टर यांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर एक उपचार तयार केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रोग्याच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून घेतात, कर्करोगाची पेशी ओळखता येईल असा बदल त्यांत प्रयोगशाळेत करतात आणि त्या परत त्याच्या अंगात सोडतात. सोडल्यावर पुष्कळदा रोग्याला सडकून ताप येतो. पेशी कामाला लागल्याचे ते लक्षण असते, पण हाताबाहेर गेला तर तो घातकही असतो, म्हणून डॉक्टर आणि परिचारिका रात्रंदिवस त्या तापावर नजर ठेवून असतात आणि त्याची नोंद लिहून ठेवतात.